मशीनचा बॉल ताशी ७० मैलांचा, पण फटक्यात त्याचे जेमतेम १३? बेसबॉल आणि बॅटचं गणित जुळत नाहीये

साताऱ्याचा_ओहायोत

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय कारण घरात आम्ही बापलेक तीन आठवडे एकाच गोष्टीवर अडकून बसलोय.

आम्ही कोलंबसजवळ राहतो, ओहायोत. लेक पंधरा वर्षांचा आहे, हायस्कूलच्या टीममध्ये बेसबॉल खेळतो. मी साताऱ्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे बेसबॉल मला कळला तो मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून, त्याच्या मॅचेस बघत बघतच. त्याचे कोच पहिल्या दिवसापासून सांगत आलेत की पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जेवढा फास्ट टाकेल तेवढा बॉल फास्ट जाणार, ताकद पिचरनं आणलेलीच असते, तू फक्त बॅट नीट लाव. मला ते पटायचं, कारण भिंतीवर बॉल जितका जोरात मारू तितका जोरात परत येतो हे लहानपणापासून बघितलंय.

हिवाळ्यात इथं बाहेर खेळता येत नाही म्हणून इनडोअर केजमध्ये जातो. तिथं ओळखीच्या एका बाबांकडून रडार गन आणली आणि मुलाच्या बॅटच्या मुठीला स्विंगचा वेग मोजणारा सेन्सर लावला. मग तीन प्रकारे मारून बघितलं. आधी टीवर ठेवलेला बॉल, म्हणजे रबरी दांड्यावर स्थिर ठेवतात तो, मग बॉल फेकणारं मशीन ५० वर लावून, मग ७० वर. (सगळे आकडे ताशी मैलांत आहेत, इथं तेच चालतं.) बॅटचा वेग तिन्ही वेळा ६० च्या आसपास, एखाद मैल इकडेतिकडे. नीट बसलेले फटके तेवढे धरले, कड लागलेले सोडून दिले. टीवरचा बॉल ७१-७२ नं गेला. मशीन ५० वर असताना ८०-८१. आणि ७० वर असताना ८४-८५.

म्हणजे बॉल जागेवर उभा असताना ७२ आणि ७० नं अंगावर येत असताना ८५, अख्ख्या ७० मधले फक्त १३ आमच्या पदरात पडले, बाकीचे गेले कुठं?

मग रात्री कागद घेऊन बसलो. बारावीला शिकलेलं इलॅस्टिक कोलिजनचं सूत्र आठवत होतं, संवेग अक्षय्य, गतिज ऊर्जा अक्षय्य. बॉल १४५ ग्रॅम, बॅट २९ औंस म्हणजे ८२० ग्रॅमच्या आसपास, बॉल प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा असतो तिथं, ६५ नं येतो असं धरलं (हवेत थोडा हळू होतो हे मुलानं सांगितलं), बॅट ६०. उत्तर आलं १४७! तीनदा तपासलं. रडार म्हणतंय ८५ आणि कागद म्हणतोय १४७, मुलगा माझ्याकडे बघतोय आणि मी कागदाकडे.

कुणीतरी नीट समजावून सांगा, त्याला पण वाचून दाखवणार आहे. आणि जोडीनं दोन प्रश्न, बॅट घट्ट धरल्यानं फरक पडतो का, आणि जड बॅट घेतली तर बॉल जास्त वेगानं जाईल का? दुकानातल्या माणसानं मागच्या वर्षी "जड घ्या, जास्त लांब जातो" म्हणून एक बॅट गळ्यात मारली होती, ती अजून गराजमध्ये पडून आहे.

कोकणकडा

फार सुंदर प्रयोग केलाय तुम्ही. मी कोल्हापुरात एफवायच्या मुलांना फिजिक्स शिकवतो आणि तुमचे आकडे बघून खरंच आनंद झाला, कारण तिन्ही आकडे एकमेकांशी चोख जुळतात, फक्त बघायची जागा बदलायला पाहिजे.

मैदानातून बघू नका, बॅटवर जाऊन बसा. बॅटवर एक मुंगी बसलीय समजा. बॅट ६० नं पुढं चाललीय, पण मुंगीला वाटतंय की आपण स्थिर आहोत आणि बॉलच आपल्यावर येतोय. मशीन ७० वर, प्लेटपाशी ६५, म्हणजे मुंगीला बॉल ६५ अधिक ६०, १२५ नं येताना दिसतो. धडक होते. आता मुंगीला बॉल किती वेगानं परत जाताना दिसेल? चांगल्या फटक्यात, नेहमीच्या बॅटला, तो आलेल्या वेगाच्या साधारण एक पंचमांशानं परत जातो. १२५ चा पाचवा भाग २५. आणि मुंगी स्वतः ६० नं पुढं चाललीय, तेव्हा मैदानातल्या रडारला दिसणार ६० अधिक २५, म्हणजे ८५.

आता टीवरचा. बॉल स्थिर, मुंगीला तो ६० नं येताना दिसतो, पाचवा भाग १२, त्यात ६० मिळवा, ७२. मशीन ५० वर असेल तर प्लेटपाशी ४७ धरू, बेरीज १०७, पाचवा भाग २१, आणि ६० मिळून ८१. बघा, तुमचे तिन्ही आकडे आले.

ह्यातच तुमच्या कोचच्या वाक्याचं उत्तर आहे. बॅटचा वेग दोनदा मोजला जातो, एकदा पूर्णच्या पूर्ण आणि वर पाचवा भाग, म्हणजे १.२ पट. आलेल्या बॉलचा वेग मात्र फक्त ०.२ पट. त्यामुळे बॅटचा एक मैल हा बॉलच्या सहा मैलांच्या बरोबरीचा आहे. कोच म्हणतात ते चूक नाहीये, फास्ट आलेला बॉल फास्ट जातोच, पण फार थोडा. ताकद पिचर आणतो हे मात्र खरं नाही, ती बॅटरनंच आणायची असते.

आता तो पाचवा भागच का. ह्याला दोन कारणं आहेत आणि तुमचा १४७ चा आकडा दोन्हीकडे फसलाय.

पहिलं म्हणजे बॉल. बेसबॉल आत कॉर्क आणि रबराचा गोळा, त्याच्यावर कित्येक मीटर लोकरीचा दोरा गुंडाळलेला, वर कातडं आणि १०८ टाके, आपल्या जपमाळेच्या मण्यांइतके. हा बॉल उसळणारा नाहीच. घरी करून बघा, फरशीवर दोन मीटर उंचीवरून सोडा, वर येईल जेमतेम ६० सेंटिमीटर. म्हणजे ऊर्जेचे सत्तर टक्के त्या एका टप्प्यात गेले, दोऱ्याचे पदर एकमेकांवर घासून उष्णता झाली. वेगाच्या भाषेत साधारण निम्मा वेग परत मिळतो. बॅटवर ज्या वेगानं धडक होते त्या वेगाला तर तो अर्ध्यावरच येतो, ह्यालाच कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतात, ०.५ धरा. तुम्ही इलॅस्टिक धरलंत म्हणजे हा आकडा १ धरलात, बॉल जणू पोलादी गोळी आहे असं.

बरं, मग निम्मा यायला पाहिजे, पाचवा भाग कसा? तर दुसरं कारण बॅट. निम्मा यायला बॅट भिंतीसारखी हलायला नको. पण बॅट काही भिंत नाही, बॉल तिला मागं ढकलतो, तिचा वेग घटतो. त्यातही बॉलच्या वाट्याला पूर्ण ८२० ग्रॅमची बॅट येत नाही. दाराचं बघा, बिजागरीजवळ ढकललं तर दार जड लागतं, कडीजवळ एका बोटानं हलतं. दार तेच, वजन तेच. बॅटला टोकाकडे बॉल लागतो तेव्हा ती नुसती मागं जात नाही, गरकन फिरतेसुद्धा, त्यामुळे त्या जागी ती हलकी असल्यासारखी वागते. नेहमीच्या बॅटला मारायच्या जागी हे कामाचं वजन बॉलच्या साधारण चौपट भरतं, म्हणजे ५८० ग्रॅमच्या आसपास. आता आकडे घाला, बॉलचं वजन भागिले बॅटचं कामाचं वजन म्हणजे ०.२५, तर

(०.५ − ०.२५) ÷ (१ + ०.२५) = ०.२

हाच तो पाचवा भाग. संवेगाचाच नियम आहे हा, तुमच्या बारावीच्याच पुस्तकातला, फक्त इलॅस्टिक हा शब्द काढून टाकला आणि बॅटचं वजन जागेप्रमाणे धरलं.

घट्ट धरण्याबद्दल आणि जड बॅटबद्दल रात्री लिहितो, आत्ता लेक्चर आहे.

साताऱ्याचा_ओहायोत

सर, किती आभार मानू. मुलाला वाचून दाखवलं, मुंगीचं त्याला लगेच कळलं, मग त्यानं स्वतः टीचा हिशोब केला आणि ७२ आल्यावर सेन्सरच्या ॲपमधलं पान काढून मला दाखवत बसला. फरशीवर बॉल टाकून पण झाला. भिंतीला मोजपट्टी चिकटवली, दोन मीटरवरून सोडला, मोबाईलवर व्हिडिओ काढला. पाच वेळा केलं, ५८ ते ६३ सेंटिमीटरच्या मधे आला. इतकी वर्षं हा बॉल हातात घेतोय, पण इतका कमी उसळतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

तिसरी_स्लिप

कोकणकडा सर, पटलं, पण एक गोष्ट खटकतेय. आम्ही शिवाजी पार्कात वाढलो, आमचे सर सांगायचे "बॉलचा पेस वापर". फास्ट बॉलरला लेट कट मारला, नुसती बॅटची कड दाखवली, तर बॉल थर्ड मॅनला सणसणीत चौकार. तिथं बॅटचा वेग जवळजवळ शून्य असतो. तुमच्या हिशोबानं त्या बॉलला पाचवाच भाग मिळायला पाहिजे, मग तो पळतच राहतो कसा? क्रिकेटमध्ये तर टप्पा पडून आधीच थोडा वेग गेलेला असतो. पेस वापरणं हे मी स्वतः हजार वेळा अनुभवलंय, त्यामुळे ते खोटं आहे असं मी मानणार नाही.

कोकणकडा

खोटं नाहीच, उलट नेमक्या जागी बोट ठेवलंत. पाचव्या भागाचा हिशोब समोरासमोरच्या धडकेचा आहे. बॉल येताना त्याच्या वेगाचे दोन भाग करा, एक बॅटच्या पृष्ठभागात घुसणारा आणि एक त्याला घासून जाणारा. घुसणाऱ्या भागाचाच चुराडा होतो. घासून जाणारा भाग घर्षणानं थोडासा कमी होतो, बाकी शाबूत राहतो. लेट कटला तुम्ही बॉलला अडवत नाही, त्याची दिशा थोडी वळवता, घुसणारा भाग अगदी कमी असतो म्हणून जवळपास सगळा पेस तुमचा. सरळ बॅटनं डिफेन्स केलात तर तोच बॉल पायापाशी पडतो, तिथं पाचव्या भागाचा नियम डोळ्यांनी दिसतो. तुमच्या सरांचं वाक्य कटला आणि ग्लान्सला शंभर टक्के लागू आहे, स्ट्रेट ड्राइव्हला नाही.

बेसबॉलमध्ये ह्याचं उदाहरण म्हणजे फाऊल टिप. बॉल बॅटला निसटता घासून मागं बसलेल्या कॅचरकडे जातो आणि वेग जवळपास तोच असतो, म्हणून कॅचरला मास्क आणि सगळं चिलखत लागतं. पण रन काढायला बॉल पुढं पाठवायला लागतो, १८० अंशांत वळवायला लागतो, तिथं आलेला वेग आधी संपवायचा आणि मग नवा द्यायचा, दुसरा मार्ग नाही.

ह्यावरून साताऱ्याच्या काकांना एक प्रयोग सुचवतो. बेसबॉलमध्ये बंट असतो ना, बॅट आडवी धरून बॉल नुसता थोपवायचा. मुलाला मशीन ७० वर लावून बंट करायला सांगा, पण बॅट पुढं ढकलायची नाही की मागं ओढायची नाही, अगदी स्थिर. बॅटचा वेग शून्य, म्हणजे बॉल ६५ च्या पाचव्या भागानं परत जायला पाहिजे, १३. तुमचे ते हरवलेले-सापडलेले १३ वेगळे काढून मोजता येतील. बोटं मात्र बॅटच्या मागं ठेवायला सांगा, पुढच्या बाजूला येऊ देऊ नका.

आता घट्ट धरण्याबद्दल. बॉल आणि बॅटचा स्पर्श किती वेळ टिकतो? साधारण ०.७ मिलिसेकंद, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. मोठ्यांच्या लीगमध्ये बॉल ८७ नं येऊन १०५ नं परत जातो असं धरलं तर तेवढ्या वेळात सरासरी पावणेदोन टनांचा जोर पडतो, एका मोठ्या गाडीच्या वजनाएवढा, आणि मधला क्षण तर त्याच्या दुपटीच्या आसपास. बॉल चपातीच्या गोळ्यासारखा दबतो आणि सुटतो. धक्क्याची लाट बॅटमधून मुठीपर्यंत जाऊन परत टोकाकडे येईपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. हातांना कळतं तोवर सगळं संपलेलं. म्हणून त्या क्षणी मूठ घट्ट आहे की सैल ह्यानं बॉलच्या वेगात फरक पडत नाही. मूठ लागते ती बॅट फिरवायला, वेग आणायला, आणि बॅट हातातून उडू नये म्हणून.

मग थंडीत हाताला झिणझिण्या का येतात, तर ती लाट नंतर येते म्हणून. लाकडी बॅट सेकंदाला साधारण १७० वेळा थरथरते, आणि त्याच्या वर एक दुसरं कंपन असतं, साडेपाचशेच्या पुढचं. टोकापासून ५ ते ७ इंचांच्या पट्ट्यात बॉल लागला तर ही दोन्ही कंपनं जवळपास उठतच नाहीत. बॅटची मूठ दोन बोटांत सैल पकडून ती लोंबती ठेवा आणि लाकडी हातोडीनं हलके टोकत खाली या. एका जागी बोटांतली झिणझिण एकदम थांबेल, आवाजही बदलेल. तिथं पेन्सिलनं खूण करा. कंपनात ऊर्जा गेली नाही म्हणजे ती बॉलला मिळाली, म्हणून तो पट्टा महत्त्वाचा. तिथून टोकाकडे सरकलात तर तो पाचवा भाग भराभर घसरतो.

दुपारचा_चहा

किती छान चाललीये चर्चा! मी शिकागोत २००१ पासून, आणि इथं आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच बेसबॉलचं वेड लागलं ते लागलंच, घरात मॅच लावल्याशिवाय कणीकसुद्धा मळली जात नाही. कोकणकडा सरांनी जे सांगितलं ते आता टीव्हीवर आकड्यांत दिसतं, तेवढं सांगायला आलेय.

मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, तिच्या सगळ्या मैदानांत २०१५ पासून स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे, प्रत्येक फटक्याचा बॅटपासून सुटतानाचा वेग मोजतात, एक्झिट व्हेलॉसिटी. २०२४ पासून तर प्रत्येक स्विंगचा बॅटचा वेगही लोकांसाठी खुला केला. सरासरी खेळाडूची बॅट ताशी ७२ मैलांच्या आसपास फिरते. न्यूयॉर्कच्या यांकीज टीमचा जियानकार्लो स्टँटन ८१ च्या घरात. आणि त्यांचा जास्तीत जास्त वेगाचा हिशोब अगदी सरांसारखाच आहे, बॅटचा वेग १.२३ पट आणि प्लेटपाशी बॉलचा वेग ०.२३ पट, म्हणजे अगदी मधोमध बसलेल्या फटक्याला सरांच्या पाचव्या भागापेक्षा कणभर जास्त.

९५ नं सुटलेला बॉल प्लेटपाशी ८७ च्या आसपास असतो. ७२ वाला अगदी परफेक्ट मारेल तर १०८-१०९. स्टँटनचं तेच गणित केलं तर ११९-१२०. ९ मैल जास्त वेगाची बॅट, आणि बॉल ११ मैल जास्त वेगानं! आता पिचर बदला, ९५ ऐवजी १०५ चा आणा. एरोल्डिस चॅपमननं २०१० मध्ये १०५.८ नं टाकला होता, एवढा वेगवान बॉल आजवर मोजला गेलेला नाही. तर त्या जास्तीच्या १० मैलांतून बॅटरला मिळतात जेमतेम दोन. हवेत छान कोनात उडालेल्या बॉलला एक मैल म्हणजे साधारण ५ फूट, म्हणजे चॅपमनच्या कृपेनं १० फूट, आणि स्वतःच्या बॅटच्या १० मैलांनी ६० फूट. आणि त्याच्या बॉलवर विचार करायला वेळ मिळतो सेकंदाच्या चार दशांशाहूनही कमी.

पिट्सबर्गचा ओनील क्रूझ, त्याचा २०२५ च्या मे महिन्यातला होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेला फटका, १२२.९ नं गेला, स्टॅटकास्ट आल्यापासूनचा सगळ्यात जोरात मारलेला बॉल. तो रेकॉर्डही आधी त्याच्याच नावावर होता, २०२२ चा १२२.४. त्याचा स्विंग एकदा स्लो मोशनमध्ये बघा, एवढा उंच मुलगा आणि बॅट अशी फिरते की डोळ्याला नुसती पांढरी रेघ दिसते. मी तो होमरन चार वेळा मागं घेऊन बघितला.

आणि बॅटच्या वजनावरून आठवलं, ३ जून २००३ ला मी घरी बसून आमच्या शिकागो कब्ज टीमची मॅच बघत होते. सॅमी सोसाची बॅट तुटली आणि आत कॉर्क निघालं! त्या काळात सोसा म्हणजे शिकागोत काय होता ते शब्दांत सांगता येणार नाही, मला इतकं वाईट वाटलं होतं की रात्री जेवण गेलं नाही. लाकूड पोखरून कॉर्क भरलं की बॉल ट्रँपोलिनसारखा उडतो असं सगळे म्हणायचे. सर, खरंच असं होतं का?

कोकणकडा

नाही होत, आणि हे प्रयोगशाळेत तपासलं गेलंय. इलिनॉय विद्यापीठाचे ॲलन नेथन म्हणून फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक आहेत, बेसबॉलवर त्यांचं फार मोठं काम आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पोखरलेल्या बॅटवर तोफेतून बॉल मारून मोजलं. ट्रँपोलिनचा काही परिणाम सापडला नाही, लाकडाची भिंत तेवढी जाड राहतेच. होतं काय की बॅट हलकी झाली, त्यामुळे जरा वेगानं फिरते, पण हलकी झाल्यामुळे कामाचं वजन घटलं आणि तो पाचवा भाग पण घटला. एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं, बॉलच्या वेगात फायदा शून्य, उलट किंचित तोटाच. हलक्या बॅटचा खरा फायदा वेगळा आहे, बॉल बघून ठरवायला क्षणभर जास्त मिळतो, फटका नीट बसण्याची शक्यता वाढते.

जड बॅटच्या प्रश्नाचं उत्तर पण ह्यातच आहे. जड घेतली तर पाचवा भाग थोडा वाढतो, पण मुलगा ती तेवढ्या वेगानं फिरवू शकला नाही तर १.२ पटीतलं जातं. समजा वजनामुळे ०.२ चे ०.२२ झाले पण बॅट ६० ऐवजी ५७ नं फिरली, तर ६५ च्या बॉलवर ५७ अधिक १२२ चे ०.२२, साधारण ८४. म्हणजे आधीच्या ८५ पेक्षा एक मैल कमीच. जुन्या काळी बेब रूथ ४० औंसांच्या वरच्या बॅटी फिरवायचा, आज मोठे खेळाडू ३१-३२ औंसांवर आलेत.

वडाचा_पार

माझी दोन्ही मुलं टेक्ससमध्ये हायस्कूल आणि पुढे कॉलेजला खेळली, म्हणून बॅटच्या नियमाचं सांगतो. लाकडी बॅटला ट्रँपोलिन नसतं हे खरं, पण पोकळ ॲल्युमिनियमच्या जुन्या बॅटींना ते होतं. पत्रा आत दबायचा आणि सुटायचा, म्हणजे दबण्याचं काम बॉलऐवजी पत्रा करायचा, आणि पत्रा ऊर्जा जवळजवळ सगळी परत देतो, दोऱ्यासारखी खात नाही. पिचरच्या तोंडावर येणारे बॉल भयानक वेगाचे असायचे. मोठा खेळत असताना एका पिचरच्या जबड्याला लागलेला मी जाळीमागून बघितलाय, तो आवाज अजून कानात आहे. म्हणून कॉलेजला २०११ पासून आणि हायस्कूलला २०१२ पासून बीबीकॉर हा बॅटच्या उसळीवर मर्यादा घालणारा नियम आला. तुमच्या मुलाच्या बॅटवर मुठीच्या वरच्या बाजूला गोल शिक्का असेल, त्यात .५० लिहिलेलं. सरांनी जो ०.५ सांगितला तोच हा, बॉल आणि बॅट मिळून ह्याच्या वर जायचं नाही. म्हणून तुमच्या ॲल्युमिनियमच्या बॅटला पण लाकडाइतकाच पाचवा भाग आला. आणि लांबी इंचांत जेवढी त्याच्यापेक्षा वजन औंसांत तीनपेक्षा जास्त कमी चालत नाही, तुमची ३२ ला २९, बरोबर बसते.

दुकानदारानं दिलेली बॅट टोकाला जड आहे का बघा. वजनाचा आकडा एकच असला तरी टोकाला जड बॅट फिरवायला फार त्रास होतो, हातोडा डोक्याकडून धरून फिरवा आणि दांड्याकडून धरून फिरवा, लगेच कळेल. पंधरा वर्षांच्या मुलाला ती देऊ नका, दोन वर्षांनी खांदे भरले की बघा.

दुपारचा_चहा

वडाचा_पार, टोकाच्या वजनावरून, गेल्या वर्षी टॉर्पेडो बॅट आली ती ह्याच विचारातून ना? २९ मार्च २०२५ ला यांकीजनं ब्रूअर्सविरुद्ध एका मॅचमध्ये नऊ होमरन मारले आणि सगळीकडे त्या फुगीर बॅटीचीच चर्चा. ती काढणारा ॲरन लीनहार्ट मूळचा फिजिक्सवाला, एमआयटीतून शिकलेला. टोकाचं लाकूड काढून जिथं बॉल लागतो तिथं आणलं, वजन तेवढंच.

वडाचा_पार

हो, तोच विचार. ज्याचा बॉल मुठीच्या जवळ लागतो त्याला फायदा, बाकीच्यांना फार नाही.

तिसरी_स्लिप

एक शंका राहिली, बॉल ओला किंवा थंड असेल तर? आमच्याकडे पावसाळ्यात भिजलेला बॉल मेल्यासारखा जायचा.

कोकणकडा

जातोच. लोकरीचा दोरा ओल धरतो, बॉल जड पण होतो आणि उसळीही कमी होते, ०.५ चा आकडा खाली येतो. डेन्व्हरला ह्याचा मुद्दाम उपयोग केलाय. ते शहर १६०० मीटर उंचावर, हवा विरळ, बॉल फार लांब जायचे, शिवाय हवा कोरडी म्हणून बॉल टणक. २००२ पासून तिथं बॉल दमट कपाटात ठेवायला लागले आणि होमरन कमी झाले. २०२२ पासून तर सगळ्याच मैदानांवर तशी कपाटं आहेत, म्हणजे बॉल सगळीकडे सारखे राहतात.

साताऱ्याचा_ओहायोत

शनिवारी केजला जाऊन बंट करून आलो.

इतक्या कमी वेगाला रडार गन धड आकडा दाखवेना, म्हणून दुसरी युक्ती केली. जमिनीवर प्लेटपासून पिचरच्या दिशेनं एकेक फुटावर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि मोबाईल बाजूला जाळीमागं तिपाईवर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. मशीन ७० वर. मुलाला सांगितलं बॅट खांबासारखी धर, हलवू नकोस. पहिले आठ-दहा बॉल तो सवयीनं बॅट मागं घेत होता, त्याला बंट मऊ करायचा तसाच शिकवलाय, मग जमलं. वीसेक बंट झाले. हातोडीनं शोधलेल्या पेन्सिलच्या खुणेच्या (ती टोकापासून सव्वासहा इंचांवर निघाली, झिणझिण खरंच एकदम थांबते) आसपास बसलेले सात सापडले.

घरी येऊन दोघं डायनिंग टेबलवर फ्रेम मोजत बसलो, एकेक फ्रेम पुढं सरकवत. एक फूट जायला १२ फ्रेम, १३ फ्रेम, १३, १४, १२, १३, १३. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे १३ फ्रेमना फूट, तर सेकंदाला साडेअठरा फूट, ताशी मैलांत १२.६.

टोकाला लागलेले तीन होते, त्यांना एका फुटाला २५ ते ३० फ्रेम लागल्या, म्हणजे ६ च्या आसपास, पायाशी पडल्यासारखेच.

मुलानं वहीत टीचा ७२ लिहिला, त्याच्याखाली बंटचा १२.६ लिहिला, बेरीज केली, ८४.६, आणि शेजारी रडारवरचा ८४-८५ लिहून त्याला गोल केला. मग म्हणाला, बाबा, कोचना हे पान दाखवू का. सोमवारी घेऊन जाणार आहे.